कागदाच्या शेततळ्यात बायोफिल्मने पाणी सुधारतं का, मासे लवकर वाढतात का?

तुम्ही लिहिलंय की कागद (म्हणजे प्लास्टिकचं अस्तर) टाकलेल्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेत, पाणी सारखं गडद हिरवं होतंय, वाढ दिसत नाही आणि दुकानदार म्हणतोय बायोफिल्मचं लिक्विड टाका. तर आधी लिक्विडचं सांगतो, घेऊ नका. तळ्याच्या उतारावर पाण्यातल्या कागदावर पाय ठेवला की सटकतो ना, तो जो बुळबुळीत थर असतो तीच बायोफिल्म. बॅक्टेरिया, शेवाळ, डोळ्याला न दिसणारे बारीक जीव, सगळे चिकटून बसलेले. ती आपोआप येते, तिला फक्त बसायला जागा पाहिजे. आणि कागदाच्या तळ्यात नेमकी तीच कमी पडते, कारण मातीच्या तळ्यात तळाचा गाळ, काठचं गवत, दगडगोटे हे सगळं तेच काम करत असतं, इथे प्लास्टिक सोडून काहीच नाही.

आता पाण्याचं काय होतं ते बघा. 30 टक्के प्रोटीनचं 1 किलो खाद्य टाकलं की त्यातून साधारण 25 ते 30 ग्रॅम अमोनिया नायट्रोजन पाण्यात उतरतं. बायोफिल्ममधले काही बॅक्टेरिया या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेटचा माशाला फारसा त्रास नाही. शिवाय त्यातलं शेवाळही थोडा अमोनिया खातं. अमोनियाची खरी भीती दुपारी असते. पाणी 28 डिग्रीच्या आसपास असेल आणि पीएच, म्हणजे सामू, 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम 1 टक्का विषारी रूपात असतो, तेच पीएच 9 ला गेला की 40 टक्क्यांच्या आसपास जातो. गडद हिरव्या पाण्याचा पीएच दुपारी 9 ला सहज जातो, म्हणून सकाळी पाणी तपासायचं किट लावून सगळं ओके आहे म्हणणाऱ्यांचे मासे पण वाढत नाहीत. टेस्ट दुपारी 3 ला करा.

वाढीचं म्हणाल तर फायदा होतो पण सगळ्या जातींना नाही, हे कोणी सांगत नाही. रोहू हा थर खरवडून खातो, त्याला ते आवडतं. कटला वरच्या पाण्यातलं प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खाणारा मासा, त्याला चिकटलेल्या शेवाळाशी देणंघेणं नाही. मृगळ तळाशी. म्हणून बांगलादेशात रोहू-कटलावर जे प्रयोग झाले त्यात 60 टक्के रोहू आणि 40 टक्के कटला हे प्रमाण चांगलं निघालं. तिकडे नदीत फांद्या रोवून मासे गोळा करायची जुनी पद्धत आहे, कठा म्हणतात, आफ्रिकेत बेनिन देशाच्या किनाऱ्यालगतच्या सरोवरांत तसलंच अकाद्जा. म्हणजे कल्पना काही लॅबमधली नाही. आपल्याकडे मंगळूरच्या फिशरीज कॉलेजच्या लोकांनी उसाची चिपाडं, भाताचा पेंढा आणि वाळलेली जलपर्णी पाण्यात ठेवून बघितली होती, त्यात चिपाडं सरस ठरली. आमच्या इंदापूर भागात चिपाडांना काय तोटा, पण एक लक्षात ठेवा, ताजी चिपाडं पाण्यात टाकली की आतली साखर सुटते, बॅक्टेरिया एकदम वाढतात आणि पहाटे ऑक्सिजन बसतो, मासे वर येऊन तोंड वासतात. आधी चांगली धुवून उन्हात वाळवा आणि एकदम सगळी नका टाकू.

कागदाच्या तळ्यात मी बांबू सुचवणार नाही. खाली टोकाला नाहीतर पेराला धार राहिली की 500 मायक्रॉनचा कागद फाटायला वेळ लागत नाही, आणि ते भोक शोधता शोधता जीव जातो. त्यापेक्षा जुनं शेडनेट घ्या. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नायलॉनची दोरी ताणायची, तिला 1 मीटर रुंदीची पट्टी पडद्यासारखी टांगायची, खालच्या कडेला वाळू भरलेल्या छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधायच्या, दगड नको. 30 बाय 30 मीटरचं तळं म्हणजे 900 चौरस मीटर, त्याच्या निम्म्याइतका तरी पृष्ठभाग मिळाला पाहिजे. दोन्ही बाजू धरल्या तर 10 मीटर लांबीची एक पट्टी 20 चौरस मीटर देते, म्हणजे 22-23 पट्ट्या झाल्या. खोलवर सोडू नका, शेवाळाला ऊन लागतं आणि हिरव्या पाण्यात ऊन फार खाली जात नाही, वरचा भागच कामाचा. पट्ट्यांमध्ये अंतर ठेवा म्हणजे वारा लागून पाणी फिरतं.

थर बसायला 2-3 आठवडे लागतात. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) त्यानंतर सोडलेली बरी, तुम्ही आधीच सोडलीत तर हरकत नाही, फक्त लहान मासे थर लगेच संपवतात. उलट मासे कमी असले तर थर जाड होतो, आतला भाग कुजून सुटतो आणि पाणी अजून घाण करतो. बोटाने खरवडून बघायचं, हिरवट-तपकिरी आणि घट्ट असेल तर चांगला, काळा पडून वास मारत असेल तर पट्टी बाहेर काढून झटकून परत टांगायची.

आणि हो, त्या बॅक्टेरियांना अमोनिया पचवायला ऑक्सिजन लागतो, सामू टिकवणारी क्षारता पण लागते, 1 ग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे 7 ग्रॅमच्या आसपास. बोअरच्या जड पाण्यात ती असतेच, निव्वळ पावसाच्या पाण्यावर तळं भरलं असेल तर ती लवकर संपते. मग शेतीचुनाच टाका, म्हणजे चुनखडीची पावडर. कळीचा चुना पीएच अजून वर नेतो आणि तुमच्याकडे पीएचचंच दुखणं आहे. अधूनमधून पोटॅशियम परमँगनेट नाहीतर ब्लीचिंग ओतायची सवय असेल तर बंद करा, त्याने हा सगळा थर मरतो.

पण तुमचं पाणी इतकं हिरवं आहे त्याचं कारण बहुतेक जास्तीचं खाद्य आहे. जास्तीचं खाद्य पडत राहिलं तर 50 पट्ट्या टांगल्या तरी पुरणार नाहीत. तळ्याची साइज, पाण्याची खोली, किती बोटुकली सोडली आणि रोज पेंड-कोंडा किंवा पेलेट किती टाकता ते खाली लिहा, मग खाद्य किती कमी करायचं ते सांगता येईल. जाळं ओढायच्या आदल्या दिवशी सगळ्या पट्ट्या काढाव्या लागतील, म्हणून दोरीला गाठ सुटेल अशीच मारा.