समुद्रापार गेलेल्या मुस्लिम समाजांचा ज्ञानवारसा कसा जपता येईल?

सुरुवात घरातल्या पोटमाळ्यापासून करा. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचं उदाहरण घ्या. इंडोनेशियातल्या तिदोर बेटावरच्या इमाम अब्दुल्ला यांना डचांनी 1780 मध्ये केपटाऊनला आणून रॉबेन बेटावर कैदेत टाकलं. लोक त्यांना तुआन गुरू म्हणत. तिथे आल्यावर त्यांनी अख्खं कुराण आठवणीतून लिहून काढलं, असं मानतात! हाताने लिहिलेली ती प्रत 1980 च्या दशकात, दुरुस्तीच्या कामावेळी, केपटाऊनच्याच बो-काप भागातल्या औवल मशिदीच्या पोटमाळ्यावर सापडली. पानं सुटी, त्यांवर क्रमांकही नाहीत. जाणत्या लोकांनी ती क्रमाने लावून बांधायला तीन वर्षं घातली.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती तिथल्या मदरशांतल्या मुलांच्या जुन्या वह्यांची. त्यात आफ्रिकान्स ही डचमधून घडलेली तिथली भाषा अरबी लिपीत लिहिलेली आहे. घरच्यांना ती वाचता येत नाही, म्हणून वह्या रद्दीत जातात.

तुमच्याकडे असं काही असेल तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या पानांचा आणि समासातल्या खुणांचासुद्धा. वही कोणाची, कुठून आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा.

रत्नागिरीकडची कितीतरी कोकणी मुस्लिम घराणी केपटाऊनला स्थायिक झाली आहेत. त्यामुळे गावाकडच्या पेट्यांमध्ये तिकडून आलेली पत्रं असतील तर तीही सांभाळा.