वाचकांचे प्रश्न : खांद्याला बसणारे जू

प्रश्न : माझे वय 43 आहे. नोकरी, घर आणि सासूबाईंचे आजारपण सांभाळून मी गेली 11 वर्षे मंडळीत रविवारच्या शाळेत शिकवते, पहाटे पाचला उठून शास्त्रवाचन व प्रार्थना करते आणि शुक्रवारी उपास करते. तरीही आपण कुठेतरी कमी पडतो, देव आपल्यावर नाराज आहे, असे सतत वाटते. मागच्या महिन्यात सासूबाई दवाखान्यात असताना सहा दिवस प्रार्थना झाली नाही, तेव्हापासून ही टोचणी फार वाढली आहे. काही जण म्हणतात, सगळे प्रभूवर सोपवून निवांत राहा. पण हा आळसच नव्हे का? प्रेषित पौलानेही शर्यत आणि युद्ध असेच शब्द वापरले आहेत. शिवाय पित्तामुळे डॉक्टरांनी उपास थांबवायला सांगितले आहे. तो थांबवू का?
— एक भगिनी, पुणे

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रातील त्या सहा दिवसांपाशी मी थबकलो. तुम्ही लिहिले नसले तरी ते दिवस कसे गेले असतील हे कोणालाही कळेल : रात्री बाकावर बसून काढल्या, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढलात-उतरलात, सासूबाईंचे अंग पुसले, त्यांना दोन घास भरवले. हे सर्व तुम्ही देवाच्या हिशेबाबाहेर ठेवले आणि न झालेली प्रार्थना तेवढी नावे मांडली, याचे मला फार वाईट वाटले.

असा हिशेब मीही ठेवत असे. पाळकीय सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही होती, वाणी खतावणीसाठी वापरतात तशी. प्रार्थना, वाचन आणि भेटी असे तीन रकाने आखून मी रोज रात्री त्यांत खुणा करत असे, आणि एखादा रकाना रिकामा राहिला तर मला नीट झोप लागत नसे. मग विषमज्वराने मी 19 दिवस अंथरुणाला खिळलो. डोळे दुखत असल्याने वाचता येईना आणि प्रार्थनेला बसलो की दोन वाक्यांत ग्लानी येई. मंडळीतील एक वृद्ध बाई रोज दुपारी पेजेचा डबा घेऊन येत असत. त्यांना मी एकदा म्हणालो, “आजी, प्रार्थनाच होत नाही हो.” त्या डब्याचे झाकण काढत म्हणाल्या, “तुमच्यासाठी आम्ही करतोय ना, पाळकसाहेब? तुम्ही पेज घ्या.” पुढे बरा झाल्यावर मी ती वही उघडली, 19 रिकाम्या ओळी पाहिल्या आणि माझ्या ध्यानात आले की, त्या दिवसांत प्रभू माझ्यापासून तसूभरही दूर गेला नव्हता.

एलीया संदेष्ट्याचेही असेच झाले होते. 1 राजे 19 मध्ये तो थकून, मरण मागत झुडपाखाली झोपी जातो, तेव्हा देव त्याला दटावत नाही. दूत त्याला उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असते, ते घेऊन तो पुन्हा झोपतो आणि दूत त्याला पुन्हा खायला उठवतो. होरेब डोंगराची लांबची वाट त्यानंतर आहे. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आता आळसाविषयी. मत्तय 11:28-30 मध्ये प्रभू भाराक्रांतांना विसावा देऊ करतो आणि त्याच दमात ‘माझे जू आपणांवर घ्या’ असेही म्हणतो. जू तर कामाचे साधन आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या आजोळी जू बसवायचे म्हणजे सुतार आधी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवून पाही, मग वाकसाने लाकूड थोडे तासून ते पुन्हा खांद्यावर ठेवी, आणि कुठे रुतत नाही अशी खात्री होईपर्यंत हे चाले. तेवढ्याच नांगरटीत बेढब जुवाखाली बैलाचा खांदा सोलवटून निघतो. ‘माझे जू सोयीचे’ या शब्दांत मला त्या सुताराचा हात दिसतो. भगिनी, शिकवणे, सेवा, शास्त्रवाचन ही तुमची कामे चांगलीच आहेत. ती करून देवाची मर्जी मिळवायची, हे जू मात्र प्रभूने तुमच्या खांद्यावर ठेवलेले नाही. वधस्तंभावर जे पूर्ण झाले, त्यात आपल्या पहाटेच्या प्रार्थनेने भर पडत नाही आणि ती चुकल्याने ते उणेही होत नाही. आत्म्याने आरंभ करून आता देहस्वभावाने पूर्णत्वाला जाणार काय, हा पौलाचा गलतीकरांना केलेला प्रश्न (3:3) तुमच्या-माझ्यासारख्या कष्टाळू विश्वासणाऱ्यांनाच आहे.

या पुण्यातच घडलेली एक गोष्ट सांगतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन, म्हणजे विधवा व मुलींसाठीची निवासी शाळा, त्यांनी पुढच्याच वर्षी पुण्यात आणले. लहानपणापासून तीर्थयात्रा, उपास आणि पुराणपठण यांत वाढलेल्या या विदुषीने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण गरज खुद्द ख्रिस्ताची होती. ज्ञानाने आणि आचरणाने तोवर न मिळालेली शांती त्यांना त्याच्यावर विसंबल्यावर मिळाली. त्यानंतर त्या हातावर हात ठेवून बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना त्यांनी आणले, पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्ती मिशन हा निराधार स्त्रियांचा आश्रम उभा केला आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. पौलही 1 करिंथ 15:10 मध्ये सर्वांपेक्षा अधिक श्रम केल्याचे सांगतो आणि लगेच ते श्रम देवाच्या कृपेचे म्हणतो. त्याच्या शर्यतीचे आणि युद्धाचे बळ तिथून आलेले आहे.

काही दिवस पहाटे पाचचा गजर लावू नका. 127 व्या स्तोत्रात पहाटे उठून उशिरा निजणाऱ्यांना जे सांगितले आहे ते सावकाश वाचा, आणि जाग येईल तेव्हा अंथरुणातच प्रभूचे आभार माना. याचाही नियम करू नका, नाहीतर विसावा घेणे हेच नवे काम होऊन बसेल. वर्ग महिनाभर दुसऱ्या शिक्षिकेकडे द्या. मार्क 4 मधला शेतकरी बी टाकतो आणि रात्री झोपतो. ‘जमीन आपोआप उपज देते’. मुलांच्या मनात बी वाढवण्याचे काम तुमच्याकडे कधीच नव्हते.

शुक्रवारचा उपास जरूर थांबवा; डॉक्टरांचे ऐकण्यात अविश्वास नाही. त्या दिवशी दुपारी सासूबाईंच्या शेजारी बसून जेवा, आणि जेवणाआधीची उपकारस्तुती त्यांना करू द्या.