दत्ता सामंत डॉक्टर होते ना, मग कामगार पुढारी कसे झाले?

हो, खरेखुरे एमबीबीएस. घाटकोपरला दवाखाना होता, तिथे दगडखाणीतले मजूर पेशंट म्हणून यायचे, त्यांचे हाल बघून डॉक्टर युनियनमध्ये उतरले ते कायमचेच. कंपनीचा ताळेबंद वगैरे फारसा न बघता घसघशीत पगारवाढ मागायचे. १८ जानेवारी १९८२ ला त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. लोकांना वाटतं भांडण फक्त पगाराचं, पण कायद्याने मान्यता एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनला होती, ती काढा हीसुद्धा मागणी होती आणि तिथेच सगळं अडलं. संप अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, नुसता विरत गेला. तरी १९८४ ला काँग्रेसची लाट असतानाही हा माणूस मुंबईतून खासदार झाला, बघा म्हणजे! १६ जानेवारी १९९७ ला पवईत गोळ्या घालून खून झाला.