घरावर नाव लावायचं म्हणजे नेमकं कुठे?

घरावर नाव कुणाचं, हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की जोडपं समोर येऊन बसलं की पाच मिनिटांत कळतं, आता हेच निघणार. कधी लग्न होऊन नुकतीच अमेरिकेत आलेली मुलगी विचारते, "मॅडम, घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, मग माझं इथे काय?" कधी नवरा एकटा फोन करतो आणि आवाज खाली करून म्हणतो, "नाव लावलं आणि उद्या पटलं नाही तर अर्धं घर जाईल ना?" आणि कधी दोघंही काहीच विचारत नाहीत, नुसते भांडत असतात, हीटिंग किती ठेवायचं, कपाटं कुणी लावायची, कुणाच्या आईचा फोन किती वेळ चालला, आणि उकरत गेलं की तळाशी हेच सापडतं. मी न्यू जर्सीत मराठी कुटुंबांसोबत काम करते, वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगेन ते ऐकून मग आपल्या राज्यातल्या वकिलाकडे जायचंच आहे, पण वकिलाकडे जायच्या आधी जे व्हायला हवं ते माझ्या खोलीत होतं असं माझं ठाम मत आहे.

एका जोडप्याचं सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत, नावं घेतच नाही.

यात घर तिचं होतं. ती १४ वर्षांची असताना आईबरोबर इथे आली, शिकली, नागरिक झाली, २०२१ मध्ये टाउनहाऊस घेतलं, एकटीच्या नावावर, एकटीच्या कर्जावर. आई तिच्याजवळच राहते. मग लग्न झालं, नवरा पुण्याचा, व्हिसा येईपर्यंत दीड वर्षाच्या वर गेलं. तो आला तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण नव्हती म्हणून ग्रीन कार्ड मिळालं ते दोन वर्षांचं, कंडिशनल. त्या अटी काढायला मुदत संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ नावाचा फॉर्म भरायचा असतो आणि संसार खरा आहे याचे पुरावे जोडायचे असतात.

आणि भांडण सुरू झालं ते इथूनच. त्याला कुणीतरी मित्राने सांगितलं, घराच्या पेपरवर दोघांचं नाव म्हणजे सगळ्यात भक्कम पुरावा. तो घरी येऊन जेवताना सहज म्हणाला, "घरावर माझं नाव लावून टाकूया, फॉर्मला बरं पडेल." तिने ताट बाजूला सारलं. तिच्या कानावर जे पडलं ते असं होतं की ह्याला कार्ड पाहिजे, आणि कार्डासाठी माझं घर पाहिजे.

माझ्याकडे आले तेव्हा या वाक्याला तीन महिने झाले होते.

पहिल्या भेटीत मी फार बोलत नाही, माणसं "च" कुठे लावतात ते ऐकते. ही माझी जुनी सवय आहे आणि तिने मला कधी फसवलेलं नाही. तो म्हणत होता, "नवरा-बायको म्हटल्यावर नाव असायलाच पाहिजे." ती म्हणत होती, "नाव लावलं की घर हातातून जाणारच." दोघांची वाक्यं विरुद्ध, पण दोघांचा "च" एकसारखा घट्ट. माझी श्रद्धा अशी आहे की माणसाला घटना जेवढा त्रास देत नाही तेवढा त्या घटनेला लावलेला हा "च" देतो, आणि तो सैल करायचा तर आधी वाक्यातली वस्तू नीट बघायला लागते. "नाव लावणं" ही वस्तू दोघांनीही नीट बघितलीच नव्हती.

म्हणून दुसऱ्या भेटीत मी कोरा कागद घेतला आणि विचारलं, "नाव लावायचं म्हणजे नेमकं कुठे?"

दोघं माझ्याकडे बघत राहिले. घरावर, अजून कुठे.

इथेच बहुतेक जोडपी अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते. घराचे कागद दोन वेगळे असतात. डीड, म्हणजे मालकी कुणाची, तो काउंटीत नोंदवला जातो. आणि कर्जाचे कागद, म्हणजे पैसे फेडायची जबाबदारी कुणाची, ते बँकेकडे. एका कागदावर नाव असलं म्हणून दुसऱ्यावर असायला लागत नाही. मालकीत नाव आणि कर्जात नाही, असं होऊ शकतं. कर्जात नाव आणि मालकीत नाही, असंही होऊ शकतं, आणि ही दुसरी अवस्था सगळ्यात वाईट, हप्त्याला बांधलेले पण घर आपलं नाही. माझ्याकडे अशी एक ताई आली होती जिला आपण या अवस्थेत आहोत हे सहा वर्षं माहीत नव्हतं, त्यामुळे सही करताना कुठल्या कागदावर करतोय ते विचारा, परत विचारा, लाजू नका.

कर्जात नाव घालणं ही साधी गोष्ट नाही. बँक सहसा चालू कर्जात नवीन माणूस नुसता जोडून देत नाही, रीफायनान्स करायला लागतं, म्हणजे नवीन कर्ज, आजच्या रेटने. तिचं कर्ज ३,२०,००० डॉलरचं होतं, २.८७५ टक्क्यांनी, हप्ता साधारण १,३३० डॉलर, टॅक्स आणि इन्शुरन्स सोडून. २०२१ च्या सुरुवातीला रेट इतके खाली होते तसे त्याआधी कधीच नव्हते, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ते पावणेआठच्या वर गेले. आम्ही बसलो तेव्हा पावणेसात धरून हिशोब केला तर उरलेल्या कर्जाचा हप्ता १,८९० च्या आसपास जात होता, फेडीची तीस वर्षं परत पहिल्यापासून मोजायची, वर रीफायनान्सचा खर्च वेगळा. म्हणजे कर्जात नाव घालायचं तर दर महिन्याला साडेपाचशेपेक्षा जास्त डॉलर जाणार आणि मिळणार काय, तर त्याच्या डोक्यावर कर्ज. त्यात त्याची क्रेडिट हिस्टरी जेमतेम सुरू झालेली, पहिला फिको (FICO) स्कोअर, म्हणजे कर्ज देणारे सहसा बघतात तो आकडा, यायलाच खातं किमान सहा महिने जुनं लागतं.

तो आकडे बघून म्हणाला, "हे तर मला नकोच आहे."

ती पटकन म्हणाली, "मग तुला हवंय काय?"

हा प्रश्न तिने टोचून विचारला होता, पण प्रश्न बरोबर होता, म्हणून मी तो तसाच खोलीत राहू दिला आणि पुढच्या भेटीपर्यंत उत्तर द्यायचं नाही असं त्याला सांगितलं.

पुढच्या भेटीत तो गाडीतून एक प्लास्टिकचा टॅग घेऊन आला. त्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये एचओएचा, म्हणजे तिथल्या सोसायटीचा नियम, प्रत्येक घराच्या मालकाला एक पक्का स्टिकर, बाकीच्यांनी व्हिजिटरचा टॅग आरशाला लटकवायचा. पक्का स्टिकर तिच्या गाडीवर. हा ११ महिने व्हिजिटर टॅग लावत होता. त्याने तो टॅग टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, नोकरी नव्हती तेव्हा सहा महिने मी घरात भिंतीला खिळाही मारला नाही. कुरियरवाल्यानं विचारलं घर तुमचं का, तर मी म्हणतो बायकोचं. मला अर्धं घर नकोय. हिला काही झालं तर मी दुसऱ्या दिवशी कुठे असेन, एवढंच मला माहीत नाही."

आय-७५१ चं नावसुद्धा नाही. मी मुद्दाम विचारलं, "आणि फॉर्म?" तर म्हणाला, "फॉर्मचं निमित्त होतं, दुसरं कसं बोलायचं ते सुचलं नाही." (फॉर्मसाठी घर लागतंच असं नाहीच, एकत्र भरलेला टॅक्स रिटर्न, जॉइंट बँक खातं, दोघांच्या नावाचा इन्शुरन्स हे सगळं चालतं. घराच्या कागदासाठी घाई करू नका, त्या घाईनेच वास येतो संशयाचा.)

ती बराच वेळ त्या टॅगकडे बघत होती. मग जे सांगितलं ते तिने त्याला लग्नाच्या आधी किंवा नंतर कधीच सांगितलं नव्हतं.

तिचे वडील ती नऊ वर्षांची असताना गेले. घर आजोबांच्या नावावर, एकत्र कुटुंब. तेराव्यानंतर काकांनी आईपुढे कागद ठेवला, हक्कसोडपत्र. आईने वाचलं नाही, काकांनी सांगितलं म्हणून सही केली. दोन वर्षांनी दोघी मामाने इथून पाठवलेल्या पैशांवर भाड्याच्या एका खोलीत होत्या, आणि मामाने आधीच भरलेल्या अर्जाचा नंबर लागला तेव्हा इकडे आल्या. "तेव्हाच ठरवलं होतं," ती म्हणाली, "घर होईल ते माझ्या नावावर आणि माझ्याच. सही करून द्यायची नाही कुणाला."

मी विचारलं, "तेव्हा आईचं नाव घरावर असतं तर?"

"तर आम्हाला कुणी काढू शकलं नसतं."

"आणि आज तुमच्या घरात ज्यांचं नाव कागदावर नाही, अशी माणसं किती?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार होती आणि थांबली. नंतर फक्त म्हणाली, "दोन." आणि त्याच्याकडे बघून, "तू आईच्या जागेवर बसलायस."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आलेत, आणि मी ते जपून ठेवलेत. मी तिला काही शिकवलं नव्हतं. तोवर मी तिला जपणारी आणि त्याला मागणारा समजत होते, आणि त्या दिवशी मलाही दिसलं की दोघं एकच गोष्ट जपत होते, रात्री झोपताना उद्या सकाळी आपण इथेच असू ही खात्री. तिला ती नाव न देण्यात सापडली होती आणि त्याला नाव मिळण्यात. भांडण स्वार्थाचं असेल असं धरून बसलेल्या जोडप्यांना मी आता हे आधीच विचारते, तुमच्या घरात याआधी कुणाचं छप्पर गेलंय का? दर वेळी नाही, पण पुष्कळदा कुणाचं तरी गेलेलं असतं.

यानंतर "च" आपोआप सैल झाला आणि व्यवहाराचं बोलणं सोपं झालं. ते बोलणं काय झालं ते सांगते, कारण वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग जास्त.

एक तर न्यू जर्सीत लग्नानंतर दोघं राहतात त्या मुख्य घरात, कागदावर नाव नसलेल्या जोडीदारालाही राहण्याचा हक्क असतो, तो डावलून घर विकणं सोपं नाही. त्याला हे माहीतच नव्हतं, ऐकून त्याचे खांदे खाली आले ते मी बघितलं. टेक्सस, कॅलिफोर्निया धरून ९ राज्यांत नवरा-बायकोच्या मालमत्तेचा कायदाच निराळा आहे, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मैत्रिणीचा सल्ला टेक्ससमधल्या डॅलसला लागू करू नका.

दुसरं, डीडवर नाव घालायला कर्ज बदलावं लागत नाही. बँक म्हणेल का की मालक बदलला, सगळे पैसे आत्ता द्या? त्याची भीती पुष्कळांना असते. १९८२ चा गार्न-सेंट जर्मेन नावाचा फेडरल कायदा आहे, राहत्या घरात नवरा किंवा बायको मालक झाली म्हणून बँकेला तसं करता येत नाही. तरी बँकेला आधी कळवा. आणि भारतीय नागरिकाला डीडवर नाव यायला ग्रीन कार्ड लागत नाही, एच-४ वाल्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मुलींना हे कुणी सांगतच नाही. कर्ज मिळणं वेगळं, तिथे स्टेटस बघतात, एफएचए, म्हणजे सरकारी हमीचं कर्ज तर २५ मे २०२५ पासून कायमचे रहिवासी नसलेल्यांना बंदच झालंय.

तिसरं टॅक्सचं. नवरा-बायकोत कितीही देणगी टॅक्सशिवाय, हे देणाऱ्याने नागरिक जोडीदाराला दिलं तर खरं. जोडीदार नागरिक नसेल तर वर्षाला मर्यादा असते, २०२५ साठी १,९०,००० डॉलर. घर दोघांच्या नावावर करण्याला त्यातही वेगळा नियम आहे, म्हणून डीड करायच्या आधी टॅक्सवाल्याकडे अर्धा तास बसाच. इंटरनेटवरचा क्विटक्लेमचा, म्हणजे आपला हक्क दुसऱ्याला देऊन टाकायचा फॉर्म उतरवून स्वतः भरू नका, टायटल इन्शुरन्सला, म्हणजे मालकीच्या विम्याला धक्का लागू शकतो.

आणि तिच्या बाजूचं मी तितक्याच स्पष्ट सांगितलं, त्याच्यासमोर. लग्नाआधी घेतलेलं घर फक्त आपलं म्हणायची तिची बाजू नाव लावल्यावर कमकुवत होते. एकदा घातलेलं नाव त्याच्या सहीशिवाय निघत नाही. त्याच्यावर कुणाचं देणं असेल, कोर्टकचेरी असेल तर ते आधी टेबलावर यायला हवं. आणि नाव न लावता मृत्युपत्रात त्याची सोय करून ठेवणं हेही प्रेमाचं उत्तर असू शकतं, त्याला कमी समजायचं नाही.

ती दोन आठवडे विचार करून आली. नाव लावायचं, डीडवर, कर्जाला हात नाही लावायचा. पण तिची एक अडचण होती आणि ती माझ्याही लक्षात आली नव्हती. इथे नवरा-बायकोने मिळून घर घेतलं की एक गेल्यावर सगळं दुसऱ्याचं होतं. मग आईचं काय? तोच म्हणाला, "आईंना शेवटपर्यंत खालची खोली, हे लिहूनच घेऊ." ते कसं लिहायचं ते वकील बघतोय, त्याचे दोन-तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकात काहीतरी अडचण आहे, अजून ठरलेलं नाही. एचओएच्या यादीत मात्र त्याचं नाव त्याच आठवड्यात गेलं, त्याला डीड लागतच नव्हता, नुसता एक ईमेल लागत होता आणि तो ११ महिने कुणी केला नव्हता.

शेवटच्या भेटीला आई आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, मग मला विचारलं, "माझी सही लागणार आहे का कुठे?"

म्हटलं, "नाही काकू, या कागदावर तुमची नाही लागणार."

"तरी मी जाईन त्यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "वकिलाला म्हणावं, सगळं वाचून दाखवा, मराठीत सांगायला पोरगी आहे."