सांगलीजवळ वस्तीतल्या मुलांना संबळ शिकवायचं आहे. गुरूंना मानधन कुठून मिळेल?

नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे 'गुरु-शिष्य परंपरा' योजनेसाठी विचारा. लोप पावत चाललेल्या कलांसाठीच ती आहे, आणि महाराष्ट्र या केंद्राच्या कक्षेत येतो. योजनेच्या नियमांनुसार दरमहा गुरूला ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० आणि प्रत्येक शिष्याला १,५०० रुपये मिळतात. मला शिष्यांचे पैसे सगळ्यात मोलाचे वाटतात. जतकडच्या ज्या घरांतली पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, तिथं हेच दीड हजार पोराला संबळापाशी टिकवतील. दुसरी वाट संस्कृती मंत्रालयाच्या अनुदानाची, पण तिला नोंदणीकृत संस्था लागते. एक मात्र ध्यानात घ्या: केंद्राचं प्रशिक्षण ठरावीक मुदतीचंच असतं, त्यामुळे पुढच्या खर्चासाठी ग्रामपंचायतीशी आत्ताच बोलून ठेवा.