गॅरेजमध्ये जुना बोर्ड पडलाय, खिशात ५०० डॉलर आहेत. १२ वर्षांनी परत स्नोबोर्डिंग सुरू करता येईल का?

येईल. मी केलंय, तेही जवळपास एवढ्याच पैशांत.

तुम्ही लिहिलंय की सेंट्रल जर्सीत राहता, शेवटचं स्नोबोर्डिंग २०१३ साली केलं, मग मुलं झाली, बूट तेव्हाचेच वापरायचा विचार आहे, आणि या सीझनला ५०० च्या वर एक डॉलरही जाऊ द्यायचा नाही. माझंही असंच होतं. लग्नाआधी दर शनिवारी पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरांत पडीक असायचो, नंतर ९ वर्षं बोर्डाला हात लावला नाही. ४१ व्या वर्षी परत उभा राहिलो. म्हणजे उभा राहायचा प्रयत्न केला.

आधी बुटांचं सांगतो, कारण माझी फजिती तिथेच झाली. तुमच्यासारखंच मलाही वाटलं, बूट आहेत की घरात, कशाला नवे घ्या! दिसायला एकदम चांगले होते, मोजून २० वेळा वापरलेले. ते घेऊन पोकोनोजमधल्या जॅक फ्रॉस्ट या स्की रिसॉर्टला गेलो. हा डोंगर उलटा आहे. पार्किंग आणि लॉज वर, आणि वर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट पकडायची ती खाली उतरून. दुसऱ्याच रनला, म्हणजे उतरायच्या दुसऱ्याच फेरीला, अर्ध्या उतारावर, डाव्या पायाखाली काहीतरी फटफट करायला लागलं. बघतो तर टाचेपासून सोल सुटलेला, कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटल्यावर पाय ओढत चालतो ना, तशी अवस्था. गाडी वर, मी मध्ये, आणि वर जायचं तर आधी पूर्ण खाली उतरायला हवं. लिफ्टपाशी एका पोराने बॅगेतून डक्ट टेप काढून बूट गुंडाळून दिला, म्हणून दिवस निभावला. बुटातला फोम आणि चिकटवलेले जोड नुसते पडून राहिले तरी कुजतात, वापरलेत किती याला फारसा अर्थ नाही. तेव्हा तुमचे २०१३ च्या आधीचे बूट सरळ टाकून द्या.

सामानात सगळ्यात मोठी खरेदी बुटांचीच करा. नवेच घ्या, पण मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या. मला १४० ला मिळाले. दुकानात जाऊन, जाड एकच मोजा घालून बघा. उभं राहिल्यावर बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवल्यावर टाच वर उचलली जाता कामा नये. आपल्याकडे "जरा मोठाच घे, होईल" ही सवय असते, ती इथे फार महागात पडते. टाच हलली की बोर्ड ऐकत नाही आणि पोटऱ्या तासाभरात भरून येतात.

बोर्डाचं मात्र उलटं. जुना बोर्ड बहुतेक चालेल. कडेची स्टीलची पट्टी कुठे तुटली किंवा उचकटली आहे का, थर सुटलेत का, तळाला आतलं लाकूड दिसेल एवढा खड्डा आहे का, एवढं बघा. नुसते ओरखडे आणि थोडा गंज याने काही होत नाही. बाइंडिंगचे (बूट बोर्डाला बांधणारी जोडणी) प्लॅस्टिकचे पट्टे घरातच चार-पाच वेळा जोर लावून ओढून बघा, तुटायचे तर घरी तुटू देत. असे पट्टे सुटे मिळतात, त्यासाठी अख्खं बाइंडिंग घ्यायची गरज नाही.

वॅक्स, म्हणजे बोर्डाच्या तळाला मेण लावणं, स्वतः करा, सोपं आहे. थ्रिफ्ट स्टोअरमधून ५ डॉलरची जुनी इस्त्री आणा. घरातली इस्त्री घेतलीत तर परिणामांना मी जबाबदार नाही. मेणाची वडी इस्त्रीला टेकवायची, थेंब तळावर पाडत जायचे, मग इस्त्री फिरवत ते पसरवायचं. धूर आला तर इस्त्री जास्त तापली आहे, आणि ती एका जागी कधीच थांबवायची नाही. अर्ध्या तासाने गार झालं की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं. माझी मुलगी ते पांढरे कीस बघून म्हणाली, "बाबा, खोबरं किसतोयस?" इतक्या वर्षांनी बोर्डाचा तळ राखाडी-पांढरा पडलेला असतो, पहिलं मेण तो पाण्यासारखं पितो. दोनदा करा.

आता तिकिटं. ऐनवेळी खिडकीवर जाऊन तिकीट घेणं हा मूर्खपणा आहे. कोलोरॅडोत व्हेलला गर्दीच्या दिवसांत एका दिवसाला ३०० च्या वर जातात. आपल्याकडे तितकं नाही, तरी झोंबतंच. एपिक नावाचा, बऱ्याच रिसॉर्टांवर चालणारा पास आहे, त्यात दिवसांवर मिळणारा प्रकार असतो, १ ते ७ दिवसांचा. त्यातल्या सगळ्यात स्वस्त प्रकारात जॅक फ्रॉस्ट आणि त्याच्या जवळचं बिग बोल्डर येतात. मी ४ दिवसांचा घेतला, दिवसाला ५० च्या आसपास पडला. सुट्ट्यांचे दिवस वगळणारा घ्या, म्हणजे ख्रिसमसनंतरचा आठवडा, मार्टिन ल्यूथर किंग आणि प्रेसिडेंट्स डेचा वीकेंड सोडून. त्या दिवसांत तिथे रांगेतच उभं राहायचं असतं. मुख्य म्हणजे हे पास डिसेंबरच्या सुरुवातीला विकायचे बंद होतात. बर्फ पडल्यावर जाग आली तर उपयोग नाही.

माझा हिशेब: पास २००, बूट १४०, हेल्मेट ५०, मनगटाचे गार्ड २५, मेण वगैरे १५. झाले ४३०. उरलेले ७० पेट्रोलला. ८० नंबरच्या हायवेने दोन तास, तिघं मिळून गेलो तर तेवढं पुरतं. हेल्मेट कुणाचं वापरलेलं घेऊ नका, आधी आपटलंय का ते बाहेरून कळत नाही. आणि मनगटाचे गार्ड "लहान मुलांचे" म्हणून सोडू नका. पडताना आपण हात पुढे टाकतोच, आणि स्नोबोर्डवाल्यांचं मनगटच जास्त मोडतं. इन्शुरन्सचा डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) आठवा, म्हणजे २५ डॉलर जड वाटणार नाहीत.

कपड्यांवर काहीच खर्च करू नका. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाका. निम्म्या घरांत एकदाच वापरलेल्या स्नो पँट पडून असतात. फक्त जीन्स आणि सुती बनियन नको, ओली झाली की दिवसभर ओलीच. जेवणही घरचं. थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून डॅशबोर्डवर, काचेतून ऊन येईल अशी ठेवतो, १२ पर्यंत बऱ्यापैकी कोमट होतात. जानेवारीत सोबत तिळाच्या वड्या. लॉजमधल्या बर्गरच्या पैशांत पुढचं मेण येतं.

एक शंका तुम्ही लिहिली नाही, पण असणार. जमेल का? गुडघे काय म्हणतील? त्यासाठी पैसे गुंतवायच्या आधी ईस्ट रदरफर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलमधल्या बिग स्नोला एकदा जाऊन या. बंदिस्त हॉल, वर्षभर २८ फॅरनहाइट, आणि कपड्यांपासून बोर्डापर्यंत सगळं तिकिटासोबत भाड्याने मिळतं. उतार लहान आहे, तेच बरं. ऑक्टोबरमध्ये जा. तो खर्च ५०० मध्येच बसवायचा असेल तर पास ३ दिवसांचा घ्या. मला तिथे पहिल्या पाच मिनिटांत कळलं की शरीराला सगळं आठवतं, फक्त उशिरा आठवतं. हील साइड, म्हणजे टाचेकडच्या कडेवर वळणं, लगेच आली. टो साइडला, म्हणजे बोटांकडच्या कडेवर वळताना मात्र खालची कड बर्फात अडकली आणि सपाट आपटलो. शेजारून सहा वर्षांची मुलगी शांतपणे निघून गेली.

डोंगरावरचा पहिला दिवस हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या रनवरच घालवा, नुसतं आडवं घसरायचं, डावीकडे-उजवीकडे. आणि दोन वाजता निघा. "एक शेवटचा रन" म्हणतो ना आपण, त्यातच पाय दमलेले असतात. मार्चमध्ये जात असाल तर सकाळी ९ ला पोहोचायची घाई नको. दिवसा वितळलेलं रात्री गोठून डोंगर काचेसारखा झालेला असतो, ११ नंतर मऊ पडतो. कुणी व्हरमाँटच्या मॅड रिव्हर ग्लेनला चल म्हणालं तर हो म्हणू नका, तिथे स्नोबोर्ड अजूनही चालत नाही, फक्त स्की.

आणि हो, बोर्ड बर्टन कंपनीचा असेल तर बाइंडिंग काढून भोकं मोजा. त्यांच्या जुन्या बोर्डांवर तीन-तीन भोकांची त्रिकोणी मांडणी असायची, आणि आजच्या बऱ्याच बाइंडिंगसोबतची चकती (जिच्यातून स्क्रू जाऊन बाइंडिंग बोर्डाला बसतं ती) त्यावर बसत नाही. तशी असली तर जुनी चकती फेकू नका. फेकली असेल तर कळवा, माझ्या गॅरेजमध्ये एक जोडी पडून आहे.