पहिल्या ट्रेकची शिदोरी: चूल नाही, फ्रिज नाही

राजगड-तोरणा दोन दिवसांत करायचाय आणि स्टोव्ह न्यायचा नाही, हे उत्तम ठरवलंस. पहिल्याच खेपेला स्वयंपाकाचा पसारा नकोच.

पोटभरीला दोनच गोष्टी धर. एक, दशम्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दुसरं, सातूचं पीठ. गूळ किसून घरीच त्यात मिसळून ठेव, गडावर वाटीत पाणी घालून कालवलं की झालं. पाणी थोडं थोडं घाल, नाहीतर गुठळ्या होतात. (झाल्या तरी खपतात, भूकच तशी असते.)

सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, खजूर, गूळ-शेंगदाणे. बास.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- दशम्या गरमागरम डब्यात भरतात. वाफ धरते, डबा उघडावा तर झाकणाला आतून थेंब आणि आंबूस वास. कपड्यावर पूर्ण गार कर, मगच भर. मी एकदा पहाटे घाई केली आणि राजगडाच्या संजीवनी माचीवर बसून नुसती चटणी चाटली.
- ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची भाजी नेतात. उन्हात लवकर आंबते.
- नुसतं फरसाण नेतात. खारटाने तहान लागते, आणि पाणी आपल्याच पाठीवर असतं.

जेवणागणिक वेगळी पुडी बांध, एक जादा ठेव. घरी सुकवलेल्या भाज्या वगैरे भानगडी तिसऱ्या-चौथ्या ट्रेकला बघू.